दिवाळीच्या सुट्टीत दोनच रात्री

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी लांबली आहे. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, या वर्षी ते ८ नोव्हेंबरला आहे आणि भाऊबीज ११ तारखेला, बुधवारी. तरीही ऑगस्ट उजाडताच आमच्या घरात "सुट्टीत कुठे जायचे" हा विषय निघाला आणि मी सांगून टाकले की या वेळी फक्त दोन रात्री, एकच मुक्काम आणि वाटेत घाट नको. घरात अर्थातच नाराजी झाली. सुट्टी एवढी मोठी असताना दोनच रात्री म्हणजे कंजूषपणा, असे आमच्या ह्यांचे म्हणणे पडले. माझे म्हणणे सविस्तर मांडावे म्हणून हे लिहीत आहे, कारण चार आणि सात वर्षांची मुले घेऊन हीच आकडेमोड करणाऱ्या घरांची संख्या कमी नसावी.

गेल्या वर्षी आम्ही सहा दिवसांत तीन मुक्काम केले : गणपतीपुळे, मालवण आणि परतीच्या वाटेवर कोल्हापूर. खरे तर जायचे होते रेल्वेने, पण तिकिटे मिळाली नाहीत आणि त्यात दोष आमचाच होता. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. भाद्रपदातल्या चतुर्थीपासून कार्तिकातल्या चतुर्थीपर्यंत दोन चांद्रमास, म्हणजे साधारण ५९ दिवस होतात. त्यामुळे भाऊबीजेनंतर निघणाऱ्यांचे आरक्षण नेमके गणपती घरी येतात त्याच सुमारास, सकाळी आठ वाजता खुले होते. यंदा गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि त्या सकाळी १३ नोव्हेंबरची तिकिटे मिळतील. गेल्या वर्षी त्या वेळी मी मोदकांची उकड काढत होते. दुपारी आरती झाल्यावर फोन हातात घेतला, तेव्हा प्रतीक्षा यादी बरीच लांब गेली होती. ज्यांना रेल्वेनेच लांब जायचे आहे त्यांनी त्या दिवशी एका माणसाला स्वयंपाकघरातून मोकळे करावे. पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते आणि अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही, हेही तेव्हाच ठरवून ठेवावे. सात वर्षांच्या मुलाला रात्रभर मांडीवर घेऊन वाचवलेले पैसे दुसऱ्या दिवशी कोणत्याच कामाचे राहत नाहीत.

तर आम्ही गाडीने गेलो. धाकटीला गाडी लागते हे आम्हाला ठाऊक होते, आवळासुपारी, लिंबू, जुने टॉवेल अशी सगळी तयारीही होती, पण परतीच्या घाटात तिसऱ्या वळणावरच ती तयारी संपली. मालवणला पाऊस आडवा आला आणि सिंधुदुर्गाच्या होड्या त्या दिवशी बंद राहिल्या. एका मुक्कामी पैसे आगाऊ घेऊन तळमजल्याची खोली कबूल केली होती, प्रत्यक्षात तिसऱ्या मजल्यावरची दिली आणि सकाळी आठपर्यंत गरम दूध मिळणार नाही असे वर ऐकवले. सहाला उठणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला "आठपर्यंत" या शब्दाचा अर्थ समजावण्यात आमचे दोन तास गेले.

पण मला सगळ्यात जास्त लागले ते यातले काहीच नव्हे. कोल्हापुरात रात्री जेवताना थोरल्याने विचारले, "आई, आपल्या किल्ल्यावरचे हळीव उगवले असतील का?" सोसायटीच्या जिन्याखाली त्याने आणि शेजारच्या मुलांनी विटा रचून, त्यांवर गोणपाट टाकून, चिखल लिंपून किल्ला केला होता. बुरूज दोनदा ढासळला आणि दोनदा बांधला गेला, महाराजांचे सिंहासन वर आणि मावळे उतारावर मांडून झाले. आम्ही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यावर हळीव पेरले होते. आम्ही परतलो तोपर्यंत ते उगवून, पाण्यावाचून पिवळे पडून आडवे झाले होते. मुलगा रडला नाही. त्याने बोटाने एक रोप उभे करून पाहिले, ते पुन्हा पडले, आणि तो वर निघून गेला.

मोठ्यांना सुट्टी म्हणजे घराबाहेर काढलेले दिवस वाटतात. या वयाच्या मुलांची सुट्टी मात्र बरीचशी जिन्याखालीच चाललेली असते, आणि तिच्यातून आपण त्यांना उचलून नेतो तेव्हा काहीतरी अर्धवट सोडायला लावतो. म्हणून यंदा गुरुवारी, १२ तारखेला सकाळी निघायचे आणि शनिवारी दुपारी, बाकीची मुंबई समुद्राकडे जात असताना, परत फिरायचे असे मी ठरवले आहे. जायचे आहे अलिबागला. ठाण्याहून भाऊच्या धक्क्याला गाडी न्यायची, ती रो-रो बोटीत चढवायची आणि तासाभरात मांडव्याला उतरायचे. मुलांना बोट हीच अर्धी सहल वाटेल आणि घाट तर वाटेत नाहीच. नागाव किंवा आक्षीला एखाद्या वाडीत घरगुती सोय पाहायची, खोली तळमजल्याची आहे ना आणि मुलांसाठी तिखटाशिवाय वरणभात मिळेल ना, हे आधी फोनवर विचारायचे. मेतकूट आणि तुपाची बाटली मी तरीही नेणार आहे, कारण चार दिवस फराळ खाल्लेल्या पोटांना पहिल्याच रात्री सुरमईचे कालवण झेपत नाही.

अलिबागच धरण्याचे खरे कारण कुलाबा किल्ला आहे. हा किल्ला समुद्रात असला तरी पूर्ण ओहोटीला तिथे चालत जाता येते, आणि आत आंग्र्यांच्या काळातले गणपतीचे देऊळ आणि गोड्या पाण्याचा तलाव आहे. प्रश्न फक्त वेळेचा असतो. किनाऱ्यावरची माणसे त्यासाठी एक सोपा हिशेब करतात : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते आणि तिच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी येते. शुक्रवारी १३ तारखेला कार्तिक शुद्ध चतुर्थी आहे, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. सहाला उठणाऱ्या मुलांना याहून सोयीची वेळ कोणती? तीच सहल पुढच्या आठवड्यात अष्टमीला नेली तर ओहोटी भर दुपारी बाराला येते, शिवाय त्या दिवसांत पाणी फारसे मागे हटत नाही. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून निघण्यापूर्वी किनाऱ्यावर घोडागाडीवाल्यांना विचारायचेच आणि पाणी फिरले की वेळ न घालवता परतायचे. ओहोटीच्या वेळी मुलांना पाण्यात मात्र उतरू द्यायचे नाही, कारण ते पाणी आत ओढते. वाळूत हवे तेवढे खेळावे.

दिवाळी उशिरा आल्याचा एक फायदा असा की ऑक्टोबरचे ऊन तोवर सरलेले असेल. तोटा असा की थोरल्याची शाळा आणि धाकटीची बालवाडी यांच्या सुट्ट्यांचे मेळ याही वर्षी बसणार नाहीत, आणि शाळेचे पत्रक नेहमीप्रमाणे उशिरा येईल. दोघांच्या सामाईक दिवसांत दोन रात्री सहज बसतात, सहा बसवायला गेले की एकाची शाळा बुडते. कार्यालयातही भाऊबीजेला जोडून दोन दिवसांची रजा मागणे आणि आठवड्याची मागणे यांत बराच फरक पडतो.

हे सगळे मी घरात मांडले तेव्हा थोरल्याने एकच अट घातली. दोन दिवस किल्ल्यावर पाणी कोण शिंपडणार, ते आधी ठरले पाहिजे. किल्ला व्हायला अजून तीन महिने आहेत, तरी तो खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारून आला आहे. त्या तयार आहेत. पाणी हातानेच शिंपडायचे, तांब्याने ओतायचे नाही, नाहीतर बुरूज विरघळतो, हेही तो त्यांना दोनदा बजावून आला.