स्टॉर्नोवेत सुखाने कसं राहावं

कॅनडात विरोधी पक्षनेता व्हायचं मनावर घेतलं असेल, तर भाषणं नंतर पाठ करा. आधी घरं बघून या. ओटावातलं २४, ससेक्स ड्राइव्ह हे पंतप्रधानांचं अधिकृत घर. स्टीफन हार्पर २०१५ मध्ये तिथून निघाले, त्यानंतर एकाही पंतप्रधानाने तिथे पथारी टाकलेली नाही. वायरिंग जुनं, भिंतींत ॲस्बेस्टॉस, आणि २०२२ मध्ये कुलूप ठोकायची वेळ आली ती उंदरांमुळे. भिंतींच्या पोकळीत मेलेले उंदीर आणि त्यांच्या लेंड्या निघाल्या. ट्रूडो रिडो कॉटेजमध्ये राहिले, मार्क कार्नींचा मुक्कामही तिथेच. आता रॉकक्लिफ पार्कमधला ‘स्टॉर्नोवे’ बघा. १९५० पासून हा विरोधी पक्षनेत्याचा बंगला. महायुद्धाच्या काळात नेदरलँड्सची राजकन्या युलियाना इथे राहून गेली. प्रेस्टन मॅनिंग यांनी या बंगल्याचा बिंगो हॉल करा, असं एकदा सुचवलं होतं. १९९७ मध्ये स्वतः विरोधी पक्षनेते झाल्यावर ते मुकाट्याने तिथे राहायला गेले.

एवढं स्वच्छ दिसत असताना लोक उंदरांच्या घरासाठी जिवाचं रान का करतात, कळत नाही. तुम्ही करू नका. पुढचा सल्ला स्टॉर्नोवेत शिरण्यासाठी आणि शिरल्यावर तिथून न हलण्यासाठी आहे. कॅनडात असाल तर पीआर कार्डावर भागणार नाही, नागरिकत्व घ्यावं लागेल; बाकी फारशी पात्रता लागत नाही.

शिरायची वाट कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातून सगळ्यात चांगली. तिथे नेता खासदार निवडत नाहीत, वर्गणी भरलेले सदस्य निवडतात. मतदान पसंतीक्रमाने, आणि प्रत्येक मतदारसंघाला जास्तीत जास्त १०० गुण, मग तिथे सदस्य पाच हजार असोत की दीडशे. म्हणजे अल्बर्टात हजारो माणसं जमवण्यापेक्षा क्वेबेकच्या चार ओसाड मतदारसंघांत प्रत्येकी शंभर-दीडशे माणसं स्वस्तात पडतात. २०१७ मध्ये मॅक्सिम बर्निए यांनी दूध, अंडी आणि कोंबडीच्या उत्पादनावरचा कोटा मोडायचं जाहीर केलं. क्वेबेकच्या दूधवाल्यांनी भराभर सदस्यत्व घेतलं आणि तेराव्या फेरीत अँड्र्यू शीअर ५०.९५ टक्क्यांवर निवडून आले. बर्निए आपल्या घरच्या बोस मतदारसंघातही मागे पडले. शीअर यांनी पुढे पत्रकारांच्या मेजवानीत भर व्यासपीठावर दुधाचा खोका तोंडाला लावला. खाल्ल्या मिठाला जागणारे पुष्कळ असतात, प्यायल्या दुधाला जागणारा विरळा.

बर्निए यांनी मग वेगळा पक्ष काढला. त्याची काळजी करू नका, पुढे हरण्याचं एक कारण तयार मिळतं.

आता मुख्य पथ्य. पक्षातला मतदार आणि देशातला मतदार ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत, आणि दोघांना एकच माल विकता येत नाही. एरिन ओटूल यांनी तो प्रयत्न केला. निळा हा पक्षाचा रंग; २०२० मध्ये ‘अस्सल निळा’ म्हणून ते पक्षात निवडून आले. त्या रात्री पाकिटं उघडणाऱ्या यंत्रांनी मतपत्रिकाच फाडल्या आणि निकाल मध्यरात्रीनंतर लागला. शकुन ओळखायला हवा होता. २०२१ च्या निवडणुकीत त्यांनी निळ्यावर फिका हात मारला, कार्बनवर किंमत लावायची स्वतःची योजनाही आणली. सदस्यांना वाटलं फसवलं, मतदारांना वाटलं बनवतोय. हार झाली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये खासदारांनी ७३ विरुद्ध ४५ मतांनी त्यांना घालवलं. हे २०१४ च्या सुधारणा कायद्याने शक्य होतं: वीस टक्के खासदारांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान, निम्म्याहून एक मत जास्त पडलं की नेता घरी. मात्र हा अधिकार घ्यायचा की नाही, हे खासदार निवडणुकीनंतरच्या पहिल्या बैठकीत ठरवतात. त्या बैठकीत चहा-बिस्किटांकडे लक्ष देऊ नका, हात कोण वर करतंय ते मोजा.

तेव्हा देशातल्या गिऱ्हाइकाकडे फिरकू नका. सदस्यांना आवडतं तेच बोला, आणि जिथे आवडतं तिथेच बोला. त्याने मतं वाढतात, हीच तर गंमत. २०१९ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्हना ३४.३ टक्के आणि लिबरलना ३३.१ टक्के मतं मिळाली. जागा १२१ आणि १५७. २०२१ मध्ये पुन्हा तेच, ३३.७ विरुद्ध ३२.६ टक्के, जागा ११९ आणि १६०. कारण साधं आहे, आपल्यासारखीच तिथेही ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो. अल्बर्टाच्या एखाद्या ग्रामीण मतदारसंघात ८० टक्के मतं घेतलीत तरी खासदार एकच येणार. वरची तीस टक्के मतं म्हणजे उतू गेलेलं दूध. २०१९ मध्ये सॅस्कॅचेवानच्या १४ पैकी १४ आणि अल्बर्टाच्या ३४ पैकी ३३ जागा पक्षाला मिळाल्या होत्या. तिथे आणखी सभा घेऊन मिळवायचं काय? टाळ्या. सरकार ठरतं टोरांटोभोवतीच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागासारख्या उपनगरांत, जिथे आपलेही पुष्कळ लोक गृहकर्जाचे हप्ते फेडत बसलेत. तिथे जावंच लागलं तर भाषण अल्बर्टाचंच द्या.

यातलं सर्वांत नाजूक काम म्हणजे तिसऱ्या पक्षाचा नाश. कॉन्झर्व्हेटिव्हना सत्ता मिळण्यासाठी डावीकडची मतं लिबरल आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षात फाटावी लागतात. म्हणजे तेव्हा जगमीत सिंग यांच्याकडे असलेला न्यू डेमोक्रॅटिक पक्ष सतरा-अठरा टक्क्यांवर सुखरूप राहणं हे तुमच्याच हिताचं. तेव्हा त्यांनाच झोडपा. कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पिअर पॉलिएव्ह यांनी त्यांना ‘सेलआउट सिंग’ म्हणून उभं-आडवं घेतलं. लिबरलशी केलेला पाठिंब्याचा करार सिंग यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये फाडला, पण तोवर ते स्वतःच फाटले होते. २०२५ मध्ये त्यांचा पक्ष साधारण सहा टक्क्यांवर आणि सात जागांवर आला. मान्यताप्राप्त पक्ष ठरायला बारा लागतात. सिंग स्वतःच्या मतदारसंघात तिसरे आले. त्यांची मतं कुठे गेली हे विचारू नका. ती कार्नींच्या घरी गेली, मधला रस्ता आपणच झाडून दिला होता. कॉन्झर्व्हेटिव्हना ४१.३ टक्के मतं पडली. हार्पर यांनाही २०११ मध्ये पूर्ण बहुमत मिळवताना एवढी पडली नव्हती. जागा १४४, लिबरलच्या १६९. एवढी मतं मिळवून हरायला जन्मजात हुशारी लागते.

तरीही आघाडी फारच वाढली तर? जानेवारी २०२५ मध्ये जनमत चाचण्यांत पॉलिएव्ह वीसहून अधिक टक्क्यांनी पुढे होते. गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. अशा वेळी घाबरू नका. आपलं सगळं दुकान एकाच मालावर आणि एकाच माणसावर चालतंय ना, एवढं बघा. माल होता कार्बन कर, माणूस होता ट्रूडो, घोषणा तीन शब्दांची: ‘ॲक्स द टॅक्स’, म्हणजे करावर कुऱ्हाड. टी-शर्टवर बसते, उच्चाराला ठसका आहे. ६ जानेवारीला ट्रूडोंनी राजीनामा जाहीर केला. ९ मार्चला कार्नी सुमारे ८६ टक्के मतांनी लिबरल नेते झाले, १४ मार्चला शपथ घेतली आणि त्याच दिवशी ग्राहकांवरचा कार्बन कर शून्य करायच्या कागदावर सही केली. १ एप्रिलपासून कर नाही. माणूस गेला, माल गेला, टी-शर्ट उरले. अशा वेळी नवी घोषणा शोधायची घाई करायची नसते. निदान महिनाभर जुनीच द्यावी. कर नसला म्हणून काय झालं, कुऱ्हाड तर आहे.

त्यातच घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. व्याही म्हणजे डोनाल्ड ट्रम्प. त्यांनी आयातशुल्क लावलं आणि कॅनडाला एक्कावन्नावं राज्य म्हणायला लागले. लोक दुकानात अमेरिकन संत्री उचलून परत ठेवू लागले. ऑन्टारिओचे मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी हाच मुद्दा उचलून २७ फेब्रुवारीला पूर्ण बहुमत घेतलं. तेही कॉन्झर्व्हेटिव्ह, पण प्रांतातले; त्यांचे प्रचारप्रमुख ऐन निवडणुकीत पॉलिएव्ह यांच्या मोहिमेचे जाहीरपणे वाभाडे काढत होते. आपल्याकडे अशा गृहस्थाला बंडखोर म्हणतात, तिथे सल्लागार म्हणतात. तुम्ही अशांचा फोन उचलू नका.

प्रचाराच्या तांत्रिक बाजू वर्तमानपत्रांत नीट येत नाहीत, म्हणून इथे देतो. पत्रकारांना आपल्या विमानात घेऊ नका, पॉलिएव्ह यांनी २०२५ मध्ये घेतलं नाही. पत्रकार परिषदेत चारच प्रश्न. चौथा आपल्याला हवा तो आला की आवरतं घ्या. जाहीरनामा आणि त्याचा हिशेब लोकांचं मतदान झाल्यावर काढा. गंमत नाही करत. १८ ते २१ एप्रिलला आगाऊ मतदान झालं, ७३ लाख लोकांनी मतं टाकली, आणि २२ तारखेला पॉलिएव्ह यांनी जाहीरनामा काढला. वाचून मत बदलायची सोय उरत नाही. आणि फ्रेंच वादविवादाची तारीख ठरवताना आइस हॉकीचं वेळापत्रक बघा. त्या वर्षी मॉन्ट्रियलचा निर्णायक सामना त्याच संध्याकाळी आला, तेव्हा वादविवाद दोन तास अलीकडे सरकवावा लागला. देशाचं भवितव्य आधी, पण हॉकीची चकती, म्हणजे पक, जमिनीवर पडायच्या आत.

हातात वस्तू घेताना जपा. १९७४ मध्ये विरोधी पक्षनेते रॉबर्ट स्टॅनफिल्ड यांनी नॉर्थ बेला फुटबॉल कितीदा तरी झेलला आणि एकदा सोडला. छापून आला तो सोडलेला. स्टॉकवेल डे २००० साली ओला पोहण्याचा पोशाख घालून जेट-स्कीवरून पत्रकार परिषदेला आले, तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पॉलिएव्ह यांनी २०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या बागेत पत्रकाराला उत्तरं देता देता सफरचंद खाल्लं, ते मात्र समर्थकांना आवडलं. फळ चालतं, चेंडू नाही. कॅमेरा कुणाकडे द्यायचा हेही बघा. डिसेंबर २००८ मध्ये लिबरल नेते स्तेफान दिओन आघाडी सरकार बनवायच्या बेतात होते. राष्ट्राला उद्देशून केलेली त्यांची चित्रफीत वाहिन्यांकडे उशिरा पोचली आणि तीही धूसर. हार्पर यांनी संसद स्थगित करून घेतली, आघाडी विरून गेली.

स्वतःच्या मतदारसंघाचं काय? कार्लटन ओटावातच आहे, तिथे सरकारी नोकरांची दाट वस्ती. पॉलिएव्ह २००४ पासून त्या भागातून निवडून येत होते. सरकारी नोकरशाही छाटायचं वचन सरकारी नोकरांच्या दारात द्यायचं, २०२२ च्या ट्रक आंदोलनात ओटावाकरांची झोप उडवणाऱ्यांना कॉफी पाजायची, आणि प्रचाराला देशभर फिरायचं. लिबरल उमेदवार ब्रूस फॅनजॉय बराच आधीपासून दारोदार हिंडत होता. मतपत्रिकेवर ९१ नावं, लांबी जवळजवळ एक मीटर, मोजणी पहाटेपर्यंत. साहेब चार हजारांहून जास्त मतांनी पडले. मग एका सहकाऱ्याने अल्बर्टातली बॅटल रिव्हर-क्रोफूट जागा मोकळी करून दिली. पोटनिवडणुकीत २१४ उमेदवार आले, तेव्हा निवडणूक आयोगाने यादी छापायचं सोडून कोरी पट्टी दिली: नाव स्वतः लिहा. ऑगस्टमध्ये ते ८० टक्क्यांनी निवडून आले. उतू गेलेल्या दुधाचाही असा उपयोग होतो.

निवडून आलात तरी माणसं टिकतीलच असं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नोव्हा स्कोशियाचे क्रिस डांत्रेमाँ सरळ उठून लिबरल बाकांवर बसले. कॅनडात पक्षांतरबंदी कायदा नाही. दोन-तृतीयांश आमदार नकोत, सुरत नको, गुवाहाटीचं हॉटेल नको, चिन्हाची केस नको. चार पावलं चाललं की झालं. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला हे पाहून जरा खिन्न वाटतं, एवढा खर्च उगाच केला म्हणून.

हरल्यावर पक्षाच्या घटनेनुसार पुढच्या अधिवेशनात नेत्यावर मतदान होतं. इथे आकडा सांभाळा. १९८३ मध्ये विनिपेगला जो क्लार्क यांना ६६.९ टक्के मिळाले. एखाद्याने पेढे वाटले असते. त्यांना ते कमी वाटले, त्यांनी स्वतःच नेतृत्वाची निवडणूक लावली आणि ब्रायन मल्रोनींकडून हरले. २०१६ मध्ये एडमंटनला न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॉम मल्केअर यांना ४८ टक्के पडले, तिथे वाटून घ्यायलाच काही नव्हतं. हे दोन्ही टाळायचं असेल तर अधिवेशन आपल्या अंगणात भरवा. पॉलिएव्ह यांचं जानेवारी २०२६ मध्ये कॅल्गरीत, म्हणजे अल्बर्टातच भरलं. ८७.४ टक्के.

आणि कार्लटन गमावल्यापासून अल्बर्टातून परत येईपर्यंतचे साडेतीन महिने? संसदेत तेव्हा विरोधी पक्षनेता म्हणून शीअर उभे राहत होते, तेच दुधाच्या खोक्याचे. बंगला नियमाने त्यांचा. ते राहायला गेले नाहीत. पॉलिएव्ह कुटुंब स्टॉर्नोवेतच होतं, एक खोकाही बांधावा लागला नाही.