घेरी आलेल्याला खुर्चीत बसवू नका हो!

परवा रांगेत माझ्यापुढे उभा असलेला मुलगा सारखा जांभया देत होता. मला वाटलं, कंटाळला असेल. मग वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब, चेहरा पांढराफटक. "काका, अंधारी येतेय" म्हणेपर्यंत गडी खाली.

पडला त्याचं एवढं नाही. चौघांनी धावत येऊन काखेत हात घालून त्याला उचललं आणि खुर्चीत बसवलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. जरा शुद्धीवर येत होता, त्याने पुन्हा मान टाकली. टाकणारच!

मेंदूला रक्त काही सेकंद कमी पडलं की घेरी येते. बराच वेळ उभं राहून, सुई किंवा रक्त बघून काहींच्या शरीरातली व्हेगस नस (मेंदूकडून हृदयाकडे जाणारा मज्जातंतू) नको तेवढी जागी होते. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांत साचतं. आडवं झालं की तेच रक्त मेंदूकडे सहज पोचतं. म्हणजे पडणं हाच शरीराने काढलेला तोडगा, आणि आपण माणसाला पुन्हा उभा धरतो.

मी आवाज चढवला. उताणं झोपवलं, पाय माझ्या बॅगेवर फूटभर उंच, कॉलर सैल. श्वास चालू आहे ना ते पाहिलं. मिनिटाच्या आत डोळे उघडले. पहिला प्रश्न: "माझा मोबाईल?"

पडल्यावर हातापायांना दोन-चार झटके आले, तर कुणीतरी "फिट आली, फिट" म्हणून ओरडलं. साध्या घेरीतही असे झटके येतात. फिटमध्ये ते सहसा जास्त वेळ चालतात आणि नंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो. एक ताई पाण्याची बाटली तोंडाला लावायला निघाल्या होत्या. पूर्ण शुद्ध येईपर्यंत घोटभरही नको, श्वासनलिकेत जातं.

मी स्वतः रक्त तपासायला गेलो की हमखास गार पडतो. आता आधीच सांगून आडवा होतो. लाज कसली? उभ्या-उभ्या गरगरलं तर खाली बसतो, पायांची अढी घालून मांड्या आवळतो, मुठी घट्ट वळतो. रक्तदाब थोडा सावरतो.

मात्र सगळंच असं सोपं नसतं. धावताना किंवा झोपलेला असताना शुद्ध गेली, छातीत दुखलं, धडधडलं, काहीही चाहूल न लागता माणूस कोसळला, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर हृदयाची तपासणी हवीच. डोक्याला मार लागला, गरोदर बाई असली किंवा मिनिट-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, तर थेट रुग्णवाहिका. आणि हाका मारूनही हालचाल नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके असतील, तर ती घेरी नव्हे. रुग्णवाहिका बोलवायला सांगून लगेच छाती दाबायला लागायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा.

तो मुलगा दहा मिनिटं पडून राहिला, मग हळूच उठून बसला. उचलणाऱ्यांपैकी एक आजोबा अजून खुर्ची धरूनच उभे होते. "म्हणजे ही नकोच?"

म्हटलं, "त्याला नको. तुम्ही बसा आता, तुम्हीच घामाघूम झालायत."