छापणाऱ्याचे नाव कुठे आहे?

आज सकाळी एका ऑनलाइन छपाई कंपनीचा निरोप आला. ‘आपला अनुभव कसा होता? पाचपैकी किती तारे द्याल?’ असे विचारून खाली पुढच्या ऑर्डरवर सवलतीचे कूपनही जोडले होते, ‘आपल्या पुढच्या आनंदाच्या क्षणासाठी’. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या कंपनीकडे याहून फार वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. मात्र मागच्या आनंदाच्या क्षणाचे काय झाले, हे आज लिहिल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही.

माझ्या वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन होते. सांगली जिल्ह्यातल्या शाळांमध्ये त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवले, आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या पत्रांची एक छोटी पुस्तिका पाहुण्यांच्या हाती द्यावी, अशी आम्हा भावंडांची इच्छा होती. कार्यक्रम रविवारी होता आणि तो हलणार नव्हता. हॉल, गुरुजी, जेवणाचे कंत्राट आणि बंगळुरूहून येणाऱ्या भावाचे तिकीट, सगळे त्या एका तारखेला बांधलेले होते. गावातले ऑफसेट प्रेस तेव्हा निवडणुकीच्या पत्रकांनी भरून गेले होते, त्यामुळे ‘तीन दिवसांत छपाई’ अशी जाहिरात करणाऱ्या संकेतस्थळावर मी काम टाकले.

हे ‘तीन दिवस’ कोणते, याचा खुलासा पैसे भरल्यानंतर होतो. ते कामाचे दिवस असतात, म्हणजे रविवार आणि सुट्ट्या वगळून. ते तुम्ही फाइल मंजूर केल्यापासून मोजले जातात, ऑर्डर दिल्यापासून नव्हे. आणि ते माल कंपनीच्या दारातून बाहेर पडेपर्यंतचे असतात, तुमच्या दारात येईपर्यंतचे नव्हेत. कुरिअरचे दिवस वेगळे. ज्याला तातडी आहे तोच जादा पैसे मोजतो, आणि नेमके त्यालाच हे हिशेब बारीक अक्षरांत वाचावे लागतात.

तरीही उशिराबद्दल मी एवढे लिहिले नसते. आतली पाने मी पीडीएफ करून चढवली होती. मुखपृष्ठ मात्र त्यांच्याच तयार नमुन्यात, त्यांच्याच चौकटीत टंकायचे होते. पडद्यावर ते अगदी देखणे आणि अचूक दिसत होते. शनिवारी दुपारी खोके उघडले, तेव्हा मुखपृष्ठावर ठळक सोनेरी अक्षरांत जोडाक्षरे सुटी झालेली होती: ‘सहस्र’मधला स पाय मोडून एकीकडे, र दुसरीकडे, आणि ‘विद्यार्थी’ची वेलांटी व सोडून पलीकडे जाऊन बसलेली. ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ‘सहस्त्र नव्हे, सहस्र, त्यात त नाही’ असे फळ्यावर लिहून सांगितले, त्याच्याच सत्काराच्या पुस्तिकेवर हा शब्द असा छापून यावा, याचा राग मला अजूनही येतो.

छपाईच्या संगणकीय बाजूत काम करणाऱ्या एका मैत्रिणीने नंतर कारण समजावून सांगितले. आपण पडद्यावर पाहतो ती अक्षरे ब्राउझर जुळवतो, आणि त्याला देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येतात. छपाईसाठी फाइल बनवणारी कंपनीकडची यंत्रणा वेगळी असते. तिला ती जुळवणी येत नसेल, तर ती अक्षरे ओळीने सुटीसुटी मांडत जाते. इंग्रजीत जोडाक्षरे नाहीत, त्यामुळे इंग्रजी मजकुरात ही खोट उघडच पडत नाही. म्हणजे मी जे पाहून मंजुरी दिली आणि जे छापले गेले, ती दोन वेगळी चित्रे होती. मग त्या मंजुरीच्या बटणाला अर्थ काय? प्रूफ म्हणजे जे छापले जाणार आहे त्याचाच नमुना, आणि तो दुसरेच काही दाखवत असेल तर ती फसवणूक आहे, मग ती कुणी मुद्दाम केलेली नसली तरी.

ग्राहक सेवेच्या क्रमांकावर बऱ्याच वेळाने एक मुलगा भेटला. त्याला मराठी येत नव्हते. मी फोटो पाठवला, त्याने तो पाहिला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘मॅडम, हिंदी में तो ठीक दिख रहा है.’ मी त्याला हे हिंदी नसल्याचे सांगितले, आणि हिंदीतही हे चूकच ठरेल असेही सांगितले. त्यावर त्याने मला नियम वाचून दाखवला: ग्राहकाच्या मजकुराप्रमाणे छापलेला माल परत घेतला जात नाही, आणि मंजुरीनंतरच्या मजकुराची जबाबदारी ग्राहकाची. मी आवाज चढवला. आज आठवून थोडे वाईट वाटते, कारण त्या मुलाने ते यंत्र बनवलेले नव्हते आणि त्याच्या हातात माफीच्या दोन-चार ठरावीक वाक्यांपलीकडे काही दिलेलेही नव्हते.

कायद्याने आपल्याला काय दिले आहे, तेही सांगते. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही आहे. हे सगळे उत्तम आहे, आणि मिक्सर बिघडला तर उपयोगीही आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम असलेल्या माणसाला महिन्याभरात मिळणारा न्याय काय कामाचा? सोमवारी त्या पुस्तिकेची किंमत रद्दीएवढीच राहणार होती.

वडिलांना आम्ही सांगणार नव्हतो, पण खोके ओटीवरच उघडले होते. त्यांनी एक प्रत उचलली, चष्मा वर सारून नीट पाहिली आणि म्हणाले, ‘त्या पोराला मराठी येत नाही यात त्याचा काय दोष? मराठीत छापून देतो म्हणून ज्याने पैसे घेतले, त्याला विचार.’ मग त्यांनी मलाच विचारले, ‘ही छापली कोणी? नाव कुठे आहे?’

नाव कुठेच नव्हते. मागच्या पानावर कंपनीचे बोधचिन्ह होते, पण मुद्रकाचे नाव नाही आणि मुद्रणस्थळही नाही. वडिलांच्या कपाटातल्या प्रत्येक जुन्या पुस्तकात ती ओळ आहे. 1867 च्या कायद्याने इथे छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण घालणे बंधनकारक केले होते. इंग्रजांचा हेतू आपल्यावर नजर ठेवण्याचा होता, हे मान्य. पण त्यामुळे का होईना, छापलेल्या कागदामागे एक पत्ता असे. 2023 च्या नव्या कायद्याने तो जुना कायदा गेला, आणि नवा कायदा पुस्तकांना लागू नाही, फक्त नियतकालिकांना आहे. निवडणुकीच्या पत्रकावर मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे-पत्ते आजही असावेच लागतात. म्हणजे ज्या पत्रकांमुळे माझी पुस्तिका गावाबाहेर गेली, त्यांच्यावर छापणाऱ्याचे नाव होते आणि माझ्या वडिलांच्या पुस्तिकेवर नव्हते.

ऑनलाइन छपाई स्वस्त पडते ती एका साध्या कारणाने. अनेक गिऱ्हाइकांची कामे एका मोठ्या शीटवर शेजारी शेजारी मांडली जातात, एकत्र छापली जातात आणि मग कापून वेगळी केली जातात. प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च सगळ्यांत विभागला जातो. हिशेब चोख आहे. पण त्या शीटकडे पाहणारा माणूस रंग पाहतो, कटिंगच्या खुणा पाहतो. ती वाचत कोणीच नाही. फाइल तपासणारी यंत्रणासुद्धा चित्र पुरेसे स्पष्ट आहे का आणि कडेला कापण्यापुरती जागा सोडली आहे का, एवढेच पाहते. मोडलेला स तिच्या लेखी फक्त शाई आहे.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही एका छोट्या डिजिटल प्रेसमध्ये गेलो. मालक शटर ओढण्याच्या तयारीत होते. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, मुखपृष्ठ मोठ्याने वाचले, ‘स-र-चंद्र’ म्हणून हसले, आणि पाने चाळून म्हणाले, ‘आतला माल चांगला आहे ताई, तो टाकू नका. नुसते कव्हर बदलू.’ त्यांच्या मुलाने मजकूर नव्याने टंकून अक्षरांचे कर्व्ह केले, म्हणजे अक्षर अक्षर न राहता आकार बनते आणि कुठल्याही मशीनवर मोडत नाही. मग एक प्रत काढून त्यांनी ती आधी मला नव्हे, वडिलांच्या वयाच्या आमच्या काकांना वाचायला दिली. जाड आर्ट कार्डावर नवी कव्हरे निघाली, मधोमध क्रीझ, म्हणजे घडीची खाच, मारली गेली, आणि मग आम्ही सगळे टेबलाभोवती बसून बोथट सुरीच्या टोकाने जुन्या पिना उचलत राहिलो. मालक त्याच भोकांचा अंदाज धरून नव्या पिना मारत होते आणि मध्येच थांबून कुठल्यातरी विद्यार्थ्याचे पत्र वाचत होते. पैसे त्यांनी चोख घेतले, रात्रीचा जादा आकारही लावला, आणि तो आम्ही आनंदाने दिला.

आता कोणीतरी म्हणेल की स्थानिक प्रेसवाले तरी कुठे वेळ पाळतात. नाहीत पाळत. ‘उद्या या’ हे त्यांचे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि दर विचारला तर ते आधी आपल्याकडे नीट पाहून मग आकडा सांगतात, हेही खरे. व्हिजिटिंग कार्डे, कॉफीचे मग, टीशर्ट असली कामे ऑनलाइन खुशाल करावीत. परगावी, परदेशी असलेल्यांना दुसरा मार्गही नसतो. पण मराठीत छापून देतो असे सांगून पैसे घेणाऱ्याकडे मराठी वाचणारा एक तरी माणूस असावा, आणि मंजुरीसाठी दाखवलेली प्रत ही ज्या फाइलवरून छपाई होणार तिचीच असावी, एवढी मागणी फार मोठी आहे का? मोठमोठ्या गुंतवणुकीवर उभ्या असलेल्या कंपन्यांना एका मुद्रितशोधकाचा पगार जड होतो, हे मला कोणी पटवून देऊ नये.

गणपतीत तुमच्यापैकी अनेकांच्या मंडळांचे अहवाल आणि आरतीसंग्रह निघतील, म्हणून सांगते. ऑनलाइन देणारच असाल तर त्यांच्या चौकटीत मराठीचे एक अक्षरही टंकू नका. कर्व्ह केलेली पूर्ण पीडीएफ द्या, आणि छपाईसाठी बनलेली फाइल ईमेलने परत मागवून ती कागदावर काढून वाचा. सांगली-मिरज बाजूला कोणाला त्या प्रेसचा पत्ता हवा असेल तर इनबॉक्समध्ये विचारा. मात्र लग्नसराईत गेलात तर मालक ‘उद्या या’ म्हणतील, तेव्हा निघून येऊ नका, तिथेच खुर्ची ओढून बसा.