अडखळणाऱ्या मुलांचे गुण कापू नका

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला, की आपल्याकडे शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धा सुरू होतात आणि मूल बोलताना अडखळले, की त्याचे गुण कापले जातात. ही पद्धत बंद व्हावी, असे मला मनापासून वाटते, कारण मूल अडखळते ते बहुधा विषय कळला नाही म्हणून नव्हे.

गेल्या वर्षी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवीतली एक मुलगी ‘स्वामी रामानंद तीर्थ’ म्हणता म्हणता ‘रामी स्वामानंद तीर्थ’ म्हणून गेली आणि सभागृहात खसखस पिकली. बोलताना आपण सेकंदाला साधारण दोन ते तीन शब्द उच्चारतो. एक शब्द जिभेवर असतो तेव्हा पुढचा मनात तयारच असतो आणि त्या घाईत दोघांच्या आरंभीच्या अक्षरांची अदलाबदल होते. रुडॉल्फ मेरिंगर या भाषाभ्यासकाने १८९५ साली अशा चुकांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हाच दिसून आले होते, की त्या वाटेल तशा होत नाहीत. सुरुवातीचे अक्षर सहसा सुरुवातीच्याच अक्षराची जागा घेते. म्हणजे त्या मुलीला पुढचे नाव पाठ होते, म्हणूनच ती चुकली.

खरी अडचण त्यानंतर झाली. हसू ऐकून तिचे सगळे लक्ष स्वतःच्या उच्चाराकडे गेले आणि शिक्षकांनी लिहून दिलेले, घरच्या बोलीपासून दूरचे भाषण तुटले. पाठांतरात प्रत्येक वाक्य मागच्याच्या आधाराने आठवते, त्यामुळे तिने पुन्हा ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’पासून सुरुवात केली आणि नेमकी त्याच जागी येऊन थांबली. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडले होते, की चार लोकांसमोर अंगवळणी पडलेले काम अधिक चांगले होते आणि नवखे काम बिघडते. जे भाषण मुलाने एकट्याने भिंतीकडे पाहून घोकलेले असते, ते भरल्या सभेसमोर त्याच्यासाठी नवखेच असते.

याच गावांत दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो. निरूपण करता करता कीर्तनकार महाराजही अडतात. पण मागे टाळकरी उभे असतात, ते अभंगाचे चरण उचलतात, मृदंग वाजू लागतो आणि तेवढ्यात महाराजांना पुढचे प्रमाण, म्हणजे दाखल्याचे संतवचन, आठवते. तिथे कोणी हसत नाही, उलट सगळा मंडप त्यांच्याबरोबर गजर करतो. ही समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, मग लेकरांच्या वाट्यालाच ती का येऊ नये?

माझी शिक्षक मंडळींना विनंती आहे, की भाषण लिहून देऊ नका. मुद्दे सांगा आणि मुलाला त्याच्या शब्दांत बोलू द्या. स्पर्धेआधी काही दिवस त्याला रोज वर्गातल्या चार-पाच मित्रांसमोर उभे करा. आणि जे परीक्षक म्हणून बसतील, त्यांनी अडखळण्याचे गुण कापण्याऐवजी, अडखळल्यावर सावरून पुढे बोलणाऱ्या मुलाला ते द्यावेत.