आरएनएलेटरमध्ये टाकलं की झालं?

नमुन्यातला आरएनए टिकवणाऱ्या आरएनएलेटर या द्रावणाबद्दल लॅबच्या ग्रुपांवर फिरणारा सल्ला असा: ‘टिश्यू आरएनएलेटरमध्ये टाका, मग कुठेही, कितीही दिवस ठेवा. घाई असेल तर सरळ -80 अंशांच्या फ्रीझरला.’

आधी ‘टाका’चं बघू. हे द्रावण म्हणजे मुख्यतः अमोनियम सल्फेटचं संपृक्त मीठपाणी. त्यातल्या मिठाने प्रथिनं साखळतात, त्यात आरएनए तोडणारं एन्झाइम, आरएनेझही आलं, म्हणून आरएनए वाचतो. पण मीठ आत पोचेल तिथंच. 1 सेंटिमीटरचा ठोकळा रात्रभर बुडवून कापून बघा: कडा फिक्या आणि कडक, मधोमध अजून लाल आणि मऊ. त्या लाल भागात आरएनेझचं काम बिनबोभाट चालू असतं. तुकड्याची निदान एक बाजू अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ हवी आणि द्रावण किमान पाचपट: 100 मिलिग्रॅमला 0.5 मिली. आम्ही 1 मिली घालतो, द्रावण टिश्यूपेक्षा स्वस्तच असतं. मेणचट पानाला तर असंच बुडवून काही उपयोग नाही. आणि कापल्यावर अर्धा तास ट्रेमध्ये पडलेल्या नमुन्यात जे तुटलं ते तुटलं, द्रावण ते जोडत नाही.

‘कुठेही, कितीही दिवस’ हे तर सपशेल चूक. 37 अंशांना एक दिवस, 25 ला एक आठवडा, 4 ला एक महिना. त्यापुढे -20. यातलं 25 म्हणजे ‘रूम टेंपरेचर’, पण मे महिन्यातल्या नागपूरची रूम नव्हे. तिथून कुरियर करायचं तर बर्फाची पाकिटं घालाच.

‘सरळ -80’ने द्रावण आत मुरायच्या आधीच गोठतं. आधी रात्रभर 4 अंशांवर ठेवा, मग द्रावण काढून टाकून -80. उलट, लिक्विड नायट्रोजनमध्ये कोरडाच गोठवलेला तुकडा नंतर साध्या आरएनएलेटरमध्ये सोडू नका. वितळताना बर्फाच्या स्फटिकांनी फाटलेल्या पेशींतून आरएनेझ मोकळं होतं आणि मीठ पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. तो तुकडा नायट्रोजन ओतत खलातच कुटा आणि भुकटी वितळायच्या आत ट्रायझॉलमध्ये (पेशी फोडून आरएनए वेगळा काढायचं द्रावण) घाला, 50 ते 100 मिलिग्रॅमला 1 मिली.

आरएनएलेटरमधला तुकडा ट्रायझॉलमध्ये घालण्याआधी टिपकागदावर नीट टिपून घ्या. जास्तीचं मीठ आत गेलं तर आरएनए वेगळा करायला क्लोरोफॉर्म घातल्यावर पडणारे थर बिनसतात, आणि नवखा माणूस खुशाल चुकीचा थर उचलतो.