पाहुणी, 702

"काय आहे हे?" रात्री पावणेदहाला वॉचमनने टॉर्च मारून विचारलं. ट्रॉलीवर जुन्या चादरीत गुंडाळलेलं, कमरेच्या वर येणारं, खालून पाणी ठिबकणारं काहीतरी. मी खरं ते सांगितलं, "होडीची मोटर." त्याने चादर वर करून खालचा पंखा पाहिला आणि व्हिजिटर रजिस्टर पुढे सरकवलं. नाव: मोटर. कुठून: सारसोळे जेट्टी. कोणाकडे: 702. आत येण्याची वेळ: 9.45.

मेव्हण्याने आणि मी अर्धे-अर्धे पैसे घालून एक छोटी सेकंडहँड होडी घेतली, रविवारी खाडीत गळ टाकायला. मोटर 15 हॉर्सपॉवरची, टू-स्ट्रोक, वजन 36 किलो. "एक माणूस सहज उचलतो," विकणारा म्हणाला होता. तो माणूस म्हणजे आपणच, असं आम्ही धरून चाललो. होडीच्या मागच्या फळीवर ती दोन पेचांनी बसते आणि ते पेच हातानेच फिरतात. दोन मिनिटांत बसते. निघायलाही तेवढीच लागतात, हे मला पहिल्या रात्री अंथरुणात पडल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं. दोन्ही पेचांच्या दांड्यांतून सळई, सळईला कुलूप, वर साखळी. जेट्टीवर जाळं शिवत बसलेल्या एका काकांना कौतुकाने दाखवलं. त्यांनी सुई न थांबवता बघितलं. "कुलूप मशीनला हाय, मशीन फलीला हाय. फली कशाला हाय? करवत घेतली का फलीसकट जातंय."

झालं. मग नंबर. मोटरच्या पाटीवरचा सीरियल नंबर वहीत लिहिला, फोटो काढले, आणि पाटी उपटली तर म्हणून आत एका कोपऱ्यात तोच नंबर कोरून ठेवला. मोटर गेल्यावर ती माझीच होती हे आता मी कुणालाही पटवून देऊ शकतो. मेव्हण्याने दुसरी शक्कल काढली: तिला इतकी कुरूप करायची की चोराला विकताना लाज वाटावी. घरात मुलीच्या खोलीचा उरलेला गुलाबी रंग होता. लांबून होडीच्या शेपटावर फ्लेमिंगो बसल्यासारखा दिसे. वाशी पुलाच्या वरच्या अंगाला खऱ्या फ्लेमिंगोंसाठी 2015 पासून अभयारण्य आहे, 2022 मध्ये ठाणे खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेली. आमच्या फ्लेमिंगोला एक कुलूप.

तेही पावसाळ्यानंतर फिरेना. खाऱ्या हवेने किल्लीचं भोक गंजून बंद. तेल घातलं, रॉकेल घातलं, शेवटी शिव्या घातल्या. मग ग्रिलचं काम करणाऱ्या एका मुलाला बॅटरीचा ग्राइंडर घेऊन जेट्टीवर नेलं.

या प्रसंगाची मला अजून झोपेत आठवण येते. संध्याकाळची वेळ, ओहोटी, दोन अनोळखी माणसं एका होडीत वाकून मोटरचं कुलूप कापतायत, ठिणग्या पार पाण्यापर्यंत उडतायत. कुणी हटकलं? एका गृहस्थाने मोबाइलचा उजेड धरला. दुसऱ्याने, "आडवी नका धरू, पायातलं पाणी इंजिनात जाईल, उभीच न्या," हा अत्यंत बरोबर सल्ला दिला. गुडघाभर चिखलातून मोटर वर आणायला तिघे धावले. पामबीच रोड ओलांडताना तर एका गाडीवाल्याने थांबून वाट दिली. नवी मुंबईत!

जाळंवाल्या काकांना दुसऱ्या दिवशी विचारलं, "अहो, तुम्ही तरी विचारायचं ना, कोण नेतंय म्हणून?"

"ती गुलाबी मशीन?" काका म्हणाले. "ती मालकाबिगर कोन नेतंय, दादूस? आमी तर मशीन रोज घरा नेतो. होरीवर कोन सोरतं?"

तर अशी ती घरी आली. लिफ्टमध्ये ती आणि मी, उभे. चौथ्या मजल्यावर एक आजी आत आल्या, पेट्रोलचा वास घेतला आणि पुढची लिफ्ट घेते म्हणाल्या. मोटर गोड्या पाण्यात चालवून आतलं मीठ काढावं लागतं, म्हणून एकदा पार्किंगमध्ये ड्रममध्ये बुडवून सुरू केली. त्या पाच मिनिटांवर सोसायटीच्या सभेत पाऊण तास गेला, त्याबद्दल इथे नको. सध्या ती गॅलरीत तुळशीशेजारी, लाकडी घोड्यावर टांगलेली आहे. बायकोने तिच्यावर पायपुसणी वाळत घालायला सुरुवात केलीय.

सुरक्षित आहे. फक्त खाली न्यायला दोन माणसं लागतात, आणि मेव्हण्याची कंबर त्याच रात्री धरली ती धरलीच. काल मुद्दाम रजिस्टर चाळलं. आमची ओळ तीन पानं मागे गेलीय. 'बाहेर जाण्याची वेळ' हा रकाना कोराच. वॉचमनने हळूच विचारलं, "साहेब, पाहुणी अजून राहणार आहे का?"