बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारू नका

पंचगंगेची पातळी वाढू लागली की ‘पुराच्या पाण्यातून गाडी सुखरूप काढण्याचे नियम’ हा निरोप कोल्हापुरातल्या मोबाइलवर हमखास फिरू लागतो. या वेळी रोज बालिंग्यावरून कळ्याला कामावर जाणाऱ्या आमच्या दाजींनी तो ‘फार उपयोगी आहे, जपून ठेवा’ असे लिहून पाठवला, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

त्यातला सर्वांत घातक नियम असा: ‘पाण्यात गाडी बंद पडल्यास घाबरू नका, चालू होईपर्यंत स्टार्टर मारत राहा.’ इंजिन ज्या वाटेने हवा खेचते, त्याच वाटेने एअर फिल्टर ओलांडून पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे वर येणारा पिस्टन पाण्यावर अडतो आणि सगळा जोर पिस्टनला जोडलेल्या दांड्यावर, म्हणजे कनेक्टिंग रॉडवर, येऊन तो वाकतो, कधी मोडून इंजिनचा ब्लॉकही फोडतो. नुसतेच पाणी शिरले असेल, तर मेकॅनिक पेट्रोल गाडीचे प्लग किंवा डिझेलचे इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढतो, ऑइल व फिल्टर बदलतो आणि बहुतेकदा इंजिन वाचते. रॉड वाकल्यावर मात्र इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नसते. हा नियम एखाद्या गॅरेजवाल्याने धंद्यासाठी लिहिला असेल, तर गोष्ट वेगळी.

‘जड एसयूव्ही वाहून जात नाही’ हेही खोटे आहे. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा वर्षानुवर्षे बजावत आली आहे, की वेगाने वाहणारे फूटभर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते आणि दोन फूट पाणी एसयूव्ही व ट्रकही नेऊ शकते. हिशेब आपल्यालाही करता येतो: छोट्या मोटारीचा तळ सहा-साडेसहा चौरस मीटरचा असतो, म्हणजे त्याच्या वर जेमतेम 15 सेंटिमीटर पाणी चढले, की गाडी जवळजवळ टनभर पाणी बाजूला सारते आणि तिचे स्वतःचे वजनही साधारण तेवढेच असते. पाणी आत शिरेपर्यंत चाके रस्त्याला नावापुरतीच टेकलेली राहतात. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ महामार्गावरची वाहतूक बंद करावी लागली, ती काही हौसेने नव्हे.

‘पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत, लाट न उठवता चालवा’ हा सल्ला मात्र, नाइलाजाने म्हणावे लागते, बरोबर आहे. पण तो शहरात फुगवट्याने आलेल्या, साचलेल्या आणि उथळ पाण्यापुरताच. वाहत्या पाण्याखाली रस्त्याचा भराव शिल्लक आहे की नाही, हे त्या गढूळ पाण्याकडे पाहून कुणालाही सांगता येत नाही. ‘सायलेन्सर बुडेपर्यंत धोका नाही’ हा नियम वरच्या फूटभर पाण्याच्या हिशेबातच खोटा ठरतो, त्यावर वेगळे लिहिण्याची गरज नाही.

‘विमा सगळे भरून देतो’ हे अर्धसत्य आहे. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचे काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले असते, पण पाण्यात स्टार्टर मारून इंजिन गेले, तर इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतल्याशिवाय दावा सहसा फेटाळला जातो.

राहता राहिला गाडी प्लास्टिकमध्ये गुंडाळण्याचा उपाय. त्यापेक्षा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाण्याची पातळी रोज जाहीर होते, ती पाहावी: इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. सुतारवाड्यासारख्या नदीकाठच्या वस्तीतली गाडी 39 व्या फुटालाच उंचावर न्यावी आणि तिथे बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी.